पितरांच्या पाटावरचा पाहुणा

माझं अक्षर म्हणजे शाईत पडलेला मुंगळा कागदावरून चालत गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नये. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. घरात वर्तमानपत्र येतं ते हिंदी, नातवंडं भांडतात ती हिंदीत, त्यामुळे मराठी लिहायला बसलं की हात मधेच अडखळतो. जो कुणी ही वही उघडील त्यानं चुका पोटात घालाव्यात. तशी कुणी ती उघडावी अशी माझी इच्छा नाही. चार माणसांसमोर तोंड उघडायची मला जन्मभर भीती. पण आत्याला त्या दिवशी पाहिलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ते माझ्याबरोबर जळून जाऊ नये, एवढ्याचसाठी लिहिते आहे.

आमचं घर अमृतराव घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत होतं. नाना, म्हणजे माझे वडील, यात्रेकरूंचे उपाध्याय. वऱ्हाड-खानदेशातून, कोकणातून यात्रा यायची ती आमच्याकडे उतरायची. खाली आम्ही राहायचो, वरच्या दोन खोल्या यात्रेकरूंच्या. आई मी लहान असतानाच गेली. मला आणि दादाला वाढवलं ते आत्यानं. ती नानांची थोरली बहीण, त्यांची अक्का. विसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती काशीत आमच्याकडे. लाल आलवण, डोक्यावर पदर, उंच हाड आणि चालताना पाऊल न वाजणारं. तिचं सोवळं आख्ख्या गल्लीत प्रसिद्ध होतं. पहाटे गंगेवरून आली की तिच्या आणि जगाच्या मधे एक रेघ पडायची, ती दुपारी जेवणं होईपर्यंत पुसली जात नसे. मी चुकून आत हात लांबवला तर ती ओरडायची नाही. नुसती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा स्नानाला निघायची. तेच मला जास्त लागायचं. त्या घराचे आवाज अजून कानात आहेत: पाट्यावर चटणी वाटताना वरवंट्याचा, नानांच्या संध्येच्या पळीपंचपात्राचा, गल्लीत सांड अडला की "हट, महाराज, हट" असं विनवणाऱ्या दूधवाल्याचा, आणि पावसाळ्यात या सगळ्याच्या खाली गंगेचा. पूर आला की ती वाहतेय असं वाटायचं नाही, कुणीतरी मोठं माणूस बाजूच्या खोलीत झोपेत श्वास घेतंय असं वाटायचं.

त्या वर्षी, म्हणजे बेचाळीस साली, भाद्रपदात आमच्याकडे एकही यात्रा आली नव्हती. मोठे पुढारी सगळे तुरुंगात गेले होते आणि उरलेल्या लहान माणसांनी आपापल्या परीनं लढाई सुरू केली होती. ठिकठिकाणी रूळ उखडले होते, तारा कापल्या होत्या, गाड्या बंद होत्या. पितृपक्षात ज्या घरात पाय ठेवायला जागा नसायची तिथं वरच्या खोल्यांत कबुतरं घुमत होती. कोकणातून येणारी आमसुलं संपली, नाना दक्षिणेवाचून बसले, आणि तशातच दादानं एका संध्याकाळी एका माणसाला हाताला धरून घरात आणलं. दादा तेव्हा कॉलेजात होता. "माझा मित्र आहे. सरयूपारी ब्राह्मण. पाय मुरगळलाय, चार दिवस राहील," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच कुठंसा निघून गेला.

पाय मुरगळलेला नव्हता. रुळाची लोखंडी पट्टी पडून डाव्या पायाची बोटं चेचली होती. माणूस चोविशीचा असेल, काळासावळा, अंगानं किरकोळ. डोकं नुकतंच भादरलेलं, मागे शेंडी, गळ्यात कोरं जानवं. मी मनात क्रांतिकारक म्हणजे काय काय धरलं होतं, आणि हा तर पाल दिसली की पाय वर घेऊन बसायचा! आत्यानं त्याच्या पायावर हळद आणि तूप बांधलं. पहिल्याच दिवशी ती पानं मांडायला लागली तेव्हा तो अंगणातच थांबला. हात जोडून म्हणाला, "माई, भैया ने झूठ कहा. हम बाम्हन नहीं हैं. कोइरी हैं, रामनगर के उस पार, भाजी उगाते हैं. आपका धरम हम नहीं बिगाड़ेंगे." आत्यानं पान आतून उचललं, तुळशीजवळ मांडलं, आणि वरून वाढलं. पुढं रोज तसंच. पण वाढताना तूप जरा जास्तच पडायचं, हे माझ्या लक्षात आलं होतं.

नाना मात्र धुमसत होते. "यानंच गाड्या बंद पाडायच्या, आणि यानंच आमच्याकडे बसून जेवायचं. यात्रा येणार कुठून? आकाशातून?" ते मराठीत म्हणायचे, म्हणजे त्याला कळू नये. त्याला कळायचं. एकदा तो हसून म्हणाला, "बाबा ठीक कहते हैं. बाबा की रोटी हमने काटी है." त्यावर नाना इतके ओशाळले, की त्या दुपारी त्यांनी स्वतः त्याला ताक नेऊन दिलं.

मी त्याच्यासमोर एक शब्द बोलले नाही, पण तुळशीजवळ गवारीच्या शिरा काढत बसायचे आणि ऐकायचे. तो मला 'बबुनी' म्हणायचा. तिकडे लहान मुलीला तसं म्हणतात. त्यांची टोळी दहाबारा जणांची होती. पोलीस चौकीतून मिळवलेल्या दोन बंदुका, त्यातली एक उडतच नव्हती. "वो भी काम की है," तो म्हणायचा. "सामनेवाले को थोड़े मालूम है!" दिवसा सगळे आपापल्या शेतात. तिन्हीसांजा झाल्या की कुदळ घेऊन निघायचं. एका गावाचे लोक आपल्या गावाजवळ कधीच हात लावायचे नाहीत, पाच कोस लांब जाऊन तार कापायची, रूळ सैल करायचे, आणि सकाळी पोलीस येईपर्यंत पुन्हा वांग्याच्या वाफ्यात. "सरकार के पास रेल है, तार है, हवाई जहाज है. हमारे पास पैर हैं, बबुनी." मग आपल्या चेचलेल्या पायाकडे बघून, "अब एक ही है," म्हणून हसायचा. कधी कधी तो जमिनीवर कोळशानं नदी, पूल, बंधारा काढून दाखवायचा आणि मग हातानंच पुसून टाकायचा. मला शाळेच्या पुस्तकातला गनिमी कावा माहीत होता. त्यात घोडे होते, डोंगर होते, किल्ले होते. इथं तर सपाट मुलूख. लपायला ना दरी ना खिंड, नुसती भाजीची शेतं आणि भाजी लावणारी माणसं. ती माणसंच दरी, ती माणसंच खिंड. इतक्या मोठ्या सरकारला अशा माणसांनी रात्रंदिवस जागं ठेवलं होतं आणि त्यांतला एक आमच्या तुळशीजवळ पालीला घाबरत बसला होता. हे मनात आलं की माझ्या अंगावर काटा यायचा. आजही येतो.

आत्याच्या यजमानांचं श्राद्ध पितृपक्षातल्या दशमीला असायचं. तिला मूल नसल्यानं ते नाना करायचे, पण तो दिवस तिचा. वर्षात तेवढा एकच दिवस तिच्या नवऱ्याशी तिचा संबंध उरला होता असं म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी ती कुणाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळही येऊ द्यायची नाही. उडदाचे वडे, तांदळाची खीर, कढी, गवार, भोपळा, अळू, कारल्याच्या काचऱ्या. आमसुलं नव्हती म्हणून त्या वर्षी चटणी चिंचेची केली, तर तिचं तिला इतकं वाईट वाटलं की ती सकाळपासून गप्प होती. "त्यांना आमसुलाचीच आवडायची," एवढंच एकदा भिंतीला म्हणाली.

श्राद्धाला दोन ब्राह्मण बोलावलेले असायचे. एक देवांच्या जागी बसतो, दुसरा पितरांच्या. पितरांच्या पाटावर जो बसतो तो त्या वेळेपुरता गेलेलं माणूसच असतो. त्याचे पाय धुवायचे, त्याला गंध लावायचं, तो जेवला की आपलं माणूस जेवलं. देवांच्या जागेला शेजारचे गणूशास्त्री आले होते. ऐकायला कमी, पण वड्यांचा वास त्यांना दोन घरं पलीकडून यायचा. पितरांच्या जागेचा ब्राह्मण मुन्शी घाटाकडून यायचा होता, तो दुपार झाली तरी आला नाही. आणि मग छतावरून शेजारच्या गंगाकाकूंची हाक आली. आमच्या गल्लीत बायका छतांवरूनच बोलायच्या. "अक्का! मुन्शी घाटापासून घर-घर झडती चाललीय. पायाला लागलेला माणूस शोधतायत. गल्लीच्या तोंडावर गोरा सार्जंट उभाय!"

नानांचं तोंड पांढरं पडलं. ते धावत अंगणात गेले, त्या माणसाला दंडाला धरून उठवलं. "कोळशाच्या खोलीत. वरून गोणपाट टाकू. चल, चल." तो म्हणाला, "बाबा, हम निकल जाते हैं. आप लोग फँसेंगे." एका पायावर तो किती लांब जाणार होता?

आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात झारा होता. ती म्हणाली, "लपवलेलं सापडतं. त्याला पाटावर बसव."

नानांना आधी कळलंच नाही. "कुठल्या पाटावर?"

"मोकळा आहे त्या."

"अक्का!" नाना ओरडलेच. "पितृस्थानी? अगं तो कोण, काय... श्राद्ध नासेल. भाऊजी उपाशी जातील!"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा आवाज चढला नाही. "जागा माझ्या नवऱ्याची आहे. तिथं कोण बसेल ते मी ठरवीन. गंध उगाळलंय ना? पाय धू त्याचे."

मी दाराच्या आड होते. तिच्या हातातल्या झाऱ्यावरून तूप उंबऱ्यावर ठिपकत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. रोज ज्याला ती तुळशीजवळ वरून वाढत होती, त्याला तिनं आपल्या नवऱ्याच्या जागी बसवलं. जिनं माझा हात लागला म्हणून पुरात पुन्हा बुडी मारली होती, तिनं.

त्यालाही काय घडतंय ते कळलं होतं. तो पाटाजवळ उभा राहून नाही नाही म्हणत मान हलवत होता. "माई, हमसे नहीं होगा. पाप लगेगा." "बैठो," आत्या म्हणाली. "आज तुम वो हो." मग नानांनी तांब्या घेतला आणि त्याचे पाय धुतले. नानांनी शंभर यात्रेकरूंना पाय धुवायला शिकवलं असेल, पण ते स्वतः धुताना मी क्वचित बघितलं होतं. हळद निघून परातीत पिवळं पाणी झालं. चेचलेल्या बोटांवरून नानांचा हात इतका हळू फिरला की मला रडू यायला लागलं. त्या माणसाचे डोळे मिटलेले होते. धोतराच्या सोग्याखाली पाय झाकून तो मांडी घालून बसला, आणि पानं वाढली गेली.

श्राद्धाच्या ब्राह्मणानं जेवताना बोलायचं नसतं, हे आमच्या नशिबानं बरं. दारावर काठी वाजली तेव्हा गणूशास्त्री दुसऱ्या वड्यावर होते. हवालदार आला, मागे दोन शिपाई. हवालदार चांगला पिळदार मिशांचा, कपाळावर चंदन. म्हणजे तोही ब्राह्मणच. समोरची पानं, दर्भ, तीळ बघून त्यानं आपसूक बूट काढले. "आज श्राद्ध है?" तो हळूच म्हणाला. "माई, हुकुम है. ऊपर देख लें?" आत्या म्हणाली, "देख लो. पर इधर चौके की तरफ मत आना. छू गए तो मुझे फिर नहाना पड़ेगा, और गंगा चढ़ी हुई है. बह गई तो तुम्हें ही ढूँढ़ना पड़ेगा." एक शिपाई फिस्सकन हसला.

ते वर जाऊन आले. कबुतरांशिवाय काही सापडलं नाही. हवालदार निघाला, आणि निघता निघता त्याची नजर पितरांच्या पाटावर अडली. मीही तेव्हाच बघितलं. श्राद्ध करणारा पितरांचे विधी करताना जानवं उजव्या खांद्यावर घेतो. पण ते करणाऱ्यानं. जेवणारे ब्राह्मण नेहमीसारखं डाव्यावरच ठेवतात. आमच्या पाहुण्यानं नानांचं बघून बघून, मनापासून, आपलंही जानवं उजव्या खांद्यावर घेतलं होतं. कुणी जन्माचा ब्राह्मण ही चूक करणार नाही. हवालदाराची मिशी स्थिर झाली. नाना तर दगडासारखे उभे.

आत्यानं कपाळावर हात मारला. खरंच मारला, सोवळ्यातला हात! "नाना!" ती हिंदीतच कडाडली, "कहाँ से लाया ये बाम्हन? जनेऊ भी सीधा पहनना नहीं आता! हवालदारजी, आप ही देखिए. पितरपख में यही हाल है. अच्छे बाम्हन चार-चार घर नेवते में बँधे हैं, हम गरीबों को मिलते हैं ये, जो मुंडन कल कराते हैं और परसों पंडित हो जाते हैं. दक्षिणा में मुँह खोलेगा तो देखना, पूरे काशीराज की बात करेगा!" दुसऱ्या शिपायाला हसू आवरेना. हवालदारही हसला. पण तो गेला नाही. अंगणातल्या ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "ठीक है माई. खा लें. उठेंगे तो दो बात हम भी पूछ लेंगे. तब तक बैठे हैं."

उठेंगे. उठला की लंगडणार. आणि श्राद्धाचा ब्राह्मण पानावरून मधेच उठवला तर पितर उपाशी जातात, हे हवालदारालाही ठाऊक होतं. म्हणजे तो पानावर आहे तोवरच सुरक्षित.

मग आत्यानं वाढायला सुरुवात केली. मी लढाया बघितल्या नाहीत, पण त्या दुपारचं वाढणं बघितलं आहे. ती आतून यायची, वडे ठेवायची, जायची. खीर ओतायची. पुन्हा भात, पुन्हा कढी. घाई नाही, थांबणं नाही. पान रिकामं दिसू द्यायचं नाही. त्यानं एकदा केविलवाणं वर बघितलं, तिनं वाडग्यातली खीर तशीच ओतली. गणूशास्त्र्यांना वाटलं आज अक्का उदार झाली आहे. तेही मागे हटेनात. हवालदार मिशी ओढत बसलेला, नाकावर वड्यांचा वास, आणि श्राद्धाचं परक्यानं खायचं नाही म्हणून नुसता गिळत असलेला. पाहुण्याच्या कपाळावरून घाम गंधात उतरत होता. तरी तो जेवत होता. ज्यानं पुलाखाली पाण्यात उभं राहून रात्री काढल्या होत्या, तो आता तेवढ्याच धीरानं वडे खात होता. मी चुलीपाशी बघितलं. पीठ संपत आलं होतं. आत्यानं न बोलता उरलेलं निम्मं निम्मं केलं आणि लहान वडे घालायला घेतले.

शेवटच्या घाण्यातले वडे परातीत पडले, आणि गल्लीच्या तोंडावर शिट्टी वाजली. गोऱ्याची असणार. एकदा, मग पुन्हा लांब. हवालदार उठला. बूट घालताना तो एकदा पाटाकडे, एकदा आत्याकडे बघून म्हणाला, "माई, पेट भर के खिलाया आपने." मग दारातून, मागे न बघता, "जनेऊ ठीक करवा दीजिएगा." त्याला कळलं होतं का? मी पुष्कळदा विचार करते. काही माणसं आयुष्यात एकदाच येतात, एकच वाक्य बोलतात आणि जातात.

दार लागल्यावर आधी बोलले गणूशास्त्री. हात धुताना म्हणाले, "ब्राह्मण बरा होता हो. आजकालचे जेवताना फार बोलतात." त्यांना किती ऐकू यायचं हेही मला कधी कळलं नाही.

त्याला आता ठेवता येणार नव्हतं. पण पिंड गंगेत सोडायला जाणाऱ्यांना कुणी अडवत नसे. संध्याकाळी नाना, तो आणि मी पिंडाचं ताट घेऊन निघायचं ठरलं. तो नानांच्या खांद्यावर हात ठेवून, म्हाताऱ्या उपाध्यायाला आधार देतोय असं दिसेल असा. घाटावरच्या मल्लाहाला नाना आधी भेटून आले. नावा सरकारनं बांधून ठेवलेल्या, वर पूर. पकडला गेला तर नाव जाणार आणि पोट जाणार. रामनगरच्या किनाऱ्यापर्यंत सोडायचे तो साठ रुपये मागत होता. आम्हाला ते साठ हजारांसारखे. नाना डोकं धरून बसले.

आत्या आत गेली. फडताळात तिची एक चंची होती, तिला आम्ही कुणी हात लावत नसू. तिच्यात तिचे क्रियेचे पैसे असायचे. काशीत मरायला आलेल्या बायका आपल्या लाकडांचे, आपल्या दहाव्या-तेराव्याचे पैसे स्वतःच साठवून ठेवतात, म्हणजे मेल्यावर कुणाचं ओझं नको. विसाव्या वर्षापासून ती साठवत होती. तिनं चंची तशीच आणली, कुंकवाचं बोट लागलेल्या ताम्हनात ठेवली आणि उंबऱ्यापाशी पाहुण्यापुढे धरली. "श्राद्धाचा ब्राह्मण दक्षिणेशिवाय जात नाही," मराठीतच म्हणाली.

नाना म्हणाले, "अक्का, तुझं कसं होईल?"

"गंगा आहे की," ती म्हणाली. "तिला लाकडं लागत नाहीत."

त्यानं चंची कपाळाला लावली. "माई, दच्छिना हम कैसे लें? बाम्हन तो हैं नहीं. ये उधार है." "दक्षिणा उधार नसते." "उधार है, माई," तो हट्टानं म्हणाला, आणि नानांच्या खांद्यावर हात ठेवून निघाला.

पाणी पायऱ्या गिळून वर आलेलं. नानांनी पिंड सोडले, मल्लाहानं नाव सोडली. मधल्या धारेत ती झाडाच्या पानासारखी आडवी गेली, मग सरळ झाली, मग दिसेनाशी झाली. आता रामनगरला पुलावरून जातात, माझा नातू फटफटीवरून जाऊन परत येतो आणि चहाही निवलेला नसतो. मला मात्र ते पाणी अजून तेवढंच रुंद दिसतं. घरी आलो तेव्हा आत्यानं स्नान केलं होतं आणि ती उरलेला लहान वडा पानात घेऊन बसली होती. "जेवले ते," एवढंच म्हणाली. कुणाबद्दल ते मी विचारलं नाही.

दोन-तीन वर्षांनी, महायुद्ध संपल्यावर, पितृपक्षातच एक बाई दारात आली. उन्हानं करपलेली, डोक्यावर वांग्यांची टोपली. "सुनली, इहाँ एगो मरहठिन माई रहेली." आत्या पुढं झाली. बाईनं टोपली उतरवली, पदराची गाठ सोडली आणि थोडी नाणी काढून जमिनीवर ठेवली. तिचा मुलगा बुधराम. तेव्हा आम्हाला त्याचं नाव कळलं. इतके दिवस तो आमच्या घरी राहिला, पण नाव कुणी विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं. रूळ काढताना चकियाकडच्या जंगलात त्याला गोळी लागली होती, आमच्याकडून गेला त्याच हिवाळ्यात. त्याआधी एकदा घरी येऊन गेला होता तेव्हा आईला सांगून गेला: काशीत एका माईचे साठ रुपये आहेत.

आत्या खाली बसली. नाणी बाईकडे सरकवत म्हणाली, "ती दक्षिणा होती. परत घेत नाहीत."

बाईनं तिच्याकडे बघितलं. "माई, ऊ त कहत रहे, उधार. उधार लेके मरल आदमी के गति ना होला. रउआ ना लेब, त हमार बेटा छुटी कइसे?"

आत्या शास्त्र मानणारी. कर्ज ठेवून गेलेला माणूस सुटत नाही, हे तिलाही मान्य होतं. तिनं पदर पसरला आणि ती नाणी घेतली.

त्यानंतर ती दर पितृपक्षात यायची. नदी ओलांडून, टोपली घेऊन. कधी थोडे, कधी त्याहून थोडे. एका वर्षी गारपिटीनं भाजी गेली म्हणून नुसतंच येऊन बसली आणि गेली. वांगी आणायचीच. आत्याला चातुर्मासात वांगी चालत नसत, ती आम्ही खायचो, आणि आत्या विचारायची, "कशी झालीत?" दोघींना एकमेकींची भाषा पुरती येत नव्हती. ओट्यावर बसून त्या तासन्‌तास बोलायच्या, एक आपल्या मुलाबद्दल, एक आपल्या नवऱ्याबद्दल. मधे पकडला गेलेला दादा तुरुंगातून सुटून आला, स्वराज्य आलं, झेंडे लागले, माझं लग्न ठरलं, आणि ती येतच राहिली.

शेवटच्या वर्षी ती आली तेव्हा पायऱ्या चढताना दोनदा बसली. पदराची गाठ तिला सुटेना, ती मी सोडली. आत्यानं आतून आपली नवी चंची आणली, मागच्या सगळ्या वर्षांचे पैसे जमिनीवर ओतले आणि त्यांत तिचे मिळवले. बाईला मोजता येत नव्हतं, म्हणून आत्या एकेक रुपया उचलून मोठ्यानं मोजू लागली, तिला कळेल असं, हिंदीत. बाई हात जोडून ऐकत होती. नाना बाहेर आले आणि उभेच राहिले.

"साठ," आत्या म्हणाली.

"पूरा?"

"पूरा."

बाईनं डोळे मिटले. "त अब छुट गइल?"

आत्यानं तिचा हात हातात घेतला. सकाळची वेळ होती, आत्या सोवळ्यात होती. "छुट गया," ती म्हणाली. "अब कुछ बाकी नहीं."